मामांच्या दारातला मांडव

दार्को मामांच्या दारात मांडव पडलाय आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या उतरवताहेत, हे अग्येकुमने ट्रोट्रो मिनीबसच्या खिडकीतून पाहिलं आणि मामा गेले, हे त्याने ओळखलं. शनिवार, म्हणजे त्यांच्याकडे अंत्यविधीचा वार होता, दारात मांडव होता, शिवाय मामांना आठवडाभर खोकला होता. आणखी काय हवं?

घरी येऊन त्याने दुखवट्याचं काळं-तांबडं कापड अंगावर घेतलं. मामांवर त्याचा जीव होता. त्यांच्या सिमेंट-पत्र्याच्या दुकानावरही होता. त्यांच्या कुळात वारसा मामाकडून भाच्याकडे जातो, म्हणजे हक्क त्याचाच, पण मामा कित्येक वर्षं नुसतं "बघू" म्हणत होते.

"अहो, आधी फोन तरी करा," बायको दुफिए म्हणाली.

"मेलेल्या माणसाला?"

"मग मामींना करा!"

"मामी शुद्धीवर असत्या तर त्यांनीच नसता केला? नाही केला, यातच सगळं आलं."

दुफिएने लावून पाहिला. कुणी उचलला नाही.

"बघ! तिथे आकांत चाललाय, आणि तू म्हणे फोन!"

तो रडतच निघाला. सख्खा भाचाच रडतोय म्हटल्यावर शंकेला जागा कुठली? गल्लीतली माणसं कापडं बदलून मागोमाग आली. खुर्चीवाल्याने इतकी काळी कापडं पाहिली आणि मुकाट्याने आणखी खुर्च्या मांडल्या. मामी मागे चुलीपाशी होत्या. भाच्याचा हंबरडा ऐकून, न्हाव्याकडे गेलेल्या मामांना गाडीने उडवलं असंच त्यांना वाटलं, आणि त्यांनी टाहो फोडला. तो ऐकून अग्येकुमची उरलीसुरली आशाही गेली.

एवढ्यात मामा आले, गुळगुळीत दाढी करून. गर्दी पाहून ते मांडवाच्या तोंडाशीच थबकले.

"कोण गेलं रे?"

"मामा... तुम्ही!"

"मी?" मामा सावकाश खुर्चीत टेकले. "अरे गाढवा, कुळातल्या वडीलधाऱ्यांना जेवायला बोलावलंय आज. थकलो रे. कुणाला आपली गरज उरली नाही, असं वाटायला लागलं होतं. म्हटलं, चारचौघांसमोर दुकान तुझ्या हवाली करावं."

अग्येकुमने घाईघाईने डोळे पुसले. "मग करा की, मामा!"

"छे, छे!" मामांनी त्याचा हात हातात घेतला. "तुझा हा आकांत पाहिला आणि माझे डोळे उघडले. माझ्यावाचून तुझं पान हलत नाही! आता चांगली दहा-बारा वर्षं मीच बसतो गल्ल्यावर."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अग्येकुमला आता खरंखुरं रडू फुटलं, काही केल्या आवरेना.

"बघा हो," मामी डोळे टिपत म्हणाल्या, "मामा जिवंत निघाले म्हणून केवढा आनंद झालाय पोराला!"