थेंब न सांडणारी किटली

टॅमसिन पेनरोझ दुपारभर चेंबरच्या, म्हणजे वकिलांच्या सामायिक कचेरीच्या, स्वयंपाकघरात उभी राहून किटलीतून कपात पाणी ओतत होती, कारण उद्या हायकोर्टात तिला हेच करून दाखवायचं होतं. तिचे अशील डगडेल आजोबा पेशाने कुंभार. त्यांनी किटलीच्या तोटीला आतून असा काही लेप दिला होता की चहा ओतताना एक थेंब ओघळत नसे. एका बड्या कंपनीने हा लेप खुशाल उचलला आणि वर उलट्या बोंबा, ‘लेप कुचकामी आहे, यांचं पेटंट रद्द करा!’

इतकी वर्षं टॅमसिन मोठमोठ्या वकिलांच्या मागच्या बाकावर बसून त्यांना हवं ते पान काढून देत आली होती. उद्या ती पहिल्यांदा स्वतः उभी राहून बोलणार होती. ते ऐकायला तिची आई कॉर्नवॉलहून नवी हॅट घालून येणार होती. भाषण तर टॅमसिनला झोपेतही पाठ होतं.

कंपनीच्या बाजूने होते क्लेमंट ऑर्मरॉड. ते कुठले? तर जिन्यापलीकडच्याच खोलीतले! पेटंटचे वकील लंडनमध्ये मूठभर, त्यामुळे वादी-प्रतिवादींचे वकील बऱ्याचदा एकाच चेंबरचे निघतात. कोर्टात एकमेकांची सालटी काढतात आणि चार वाजता एकाच टेबलावर चहा पितात. नियम एकच, चहाच्या वेळी खटल्याबद्दल ब्र काढायचा नाही.

तेवढ्यात टॅमसिनला फोन आला. ओली किटली रॅकवर ठेवून ती गेली ती बोलत बसली. परत येऊन बघते तो काय, सगळं चेंबर चहाला जमलेलं आणि क्लेमंट तिच्याच किटलीतून चहा ओततायत!

“ये गं टॅमसिन, बस!” क्लेमंट खुशीत होते.

“ही... ही किटली कुठनं आणलीत?”

“रॅकवर होती. आपली ती जुनी, कपात कमी अन् टेबलावर जास्त ओतायची. ही बघ! सगळ्यांना दिला चहा, बशीत टिपूस नाही. ज्याने कुणी केली असेल ना, त्याच्या हातांचे मुके घ्यावेत!”

टॅमसिनला जोराचा ठसका लागला. कोर्टात दाखवायची ही किटली क्लेमंटनी फक्त फोटोत पाहिली होती, तीही चष्मा कपाळावर ठेवून. सांगावं तर चहाचा नियम मोडतो, न सांगावं तर जीव गुदमरतो. ती मुकाट्याने शॉर्टब्रेडचं बिस्कीट चावत बसली. चहा उरकल्यावर ती किटली घ्यायला धावली, तर क्लेमंट बाह्या सरसावून नळापाशी उभे.

“धुवून ठेवलीय हं,” ते म्हणाले. “लख्ख!”

दुसऱ्या दिवशी टॅमसिनने न्यायमूर्तींसमोर किटली उचलली. मागे आईने हॅट सावरली. टॅमसिनने झोकात पहिला कप भरला आणि तोटीवरून थेंब ओघळला. मग दुसरा. मग धारच लागली. टॅमसिनच्या तोंडचं पाणी पळालं आणि किटलीतलं न्यायमूर्तींच्या कागदांवर सांडलं.

क्लेमंटनी चष्मा नाकावर ओढला. किटलीकडे नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“मायलॉर्ड, मला काहीतरी सांगायचंय.”

“तुमची पाळी नंतर आहे, ऑर्मरॉड.”

“तोवर दम निघायचा नाही, मायलॉर्ड. काल मी याच किटलीतून सगळ्या चेंबरला चहा पाजला. थेंब सांडला नाही. मग मी ती घासली.”

“कशाने?”

“तारेच्या घासणीने. तोटीत काहीतरी काळपट होतं. मला वाटलं, चहाचा राप असेल.”

“किटली आतनं घासली?” मागून डगडेल आजोबा ओरडले. “चहाची किटली नुसती विसळायची असते! कुणी शिकवलं हो यांना?”

“शांतता!” न्यायमूर्ती म्हणाले, पण त्यांनाही तोच प्रश्न पडलेला दिसत होता.

कंपनीचे लोक मागून क्लेमंटचा झगा ओढत होते. तरी ते हटले नाहीत. “लेप होता तोवर थेंब नव्हता. लेप गेला, थेंब आला. आता लेप कुचकामी आहे हे मी कुठल्या तोंडाने सांगू?”

कंपनीने थोडा वेळ मागून घेतला. बाहेर बरीच आदळआपट झाली आणि शेवटी हार मानूनच मंडळी आत आली. टॅमसिन उठली, तिने घसा साफ केला. “मायलॉर्ड—”

“मिस पेनरोझ, तुम्हाला तसदी देण्याची गरज नाही. पेटंट कायम.”

इंग्लंडमधला वकील जन्मभर या वाक्याची वाट पाहतो. तुमचं न ऐकताच तुम्ही जिंकलात, असा त्याचा अर्थ. टॅमसिन खाली बसली. डगडेल आजोबा तिला मिठी मारत होते आणि तिला मात्र रडू येत होतं.

बाहेर क्लेमंट खाली मान घालून तिच्यापाशी आले. “माफ कर पोरी. तुझं अख्खं भाषण खाल्लं मी.”

ती काही बोलणार, तोच आईने पुढे होऊन क्लेमंटचा हात दोन्ही हातांत धरला.

“किती छान बोललात हो माझ्या टॅमसिनच्या बाजूने! ते समोरचे वकील आलेच नाहीत वाटतं? बरंच झालं. फक्त एक करा, पुढच्या वेळी हिलाही दोन शब्द बोलू द्या. फार तयारी करते हो ती!”