समुद्रघोड्यांचं पाणी

मुलगी बघायला पाहुणे यायच्या दिवशीच गिरधर चौधरींनी बाहेरच्या खोलीत काचेची टाकी मांडली. शहाऐंशीचा मे महिना, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात नळाला थेंब नाही, आणि या माणसाला समुद्रघोडे पाळायचे होते. बोटाच्या पेराएवढे चार जीव बरणीत एकमेकांच्या शेपट्या धरून उभे होते. त्यांच्या निर्मलाची आधीची दोन स्थळं मोडली होती. निदान घर तरी हौशी दिसावं, असा गिरधररावांचा विचार.

घोडे आणि त्यांच्यासाठी कॅनभर समुद्राचं पाणी मुंबईहून आणलं होतं गार्ड नूर महंमदनं. सकाळी ड्यूटी संपल्यावर त्यानं बरणी गिरधररावांच्या हातात दिली, कॅन मागच्या दाराशी ठेवला आणि तो झोपायला गेला.

टाकीत वाळू पसरून, घोड्यांना शेपटी अडकवायला प्लास्टिकची वेल रोवून, तेवढ्यात आलेल्या पाहुण्यांना तिथंच बसवून गिरधरराव मागच्या दाराशी आले, तर कॅन रिकामा.

"अगं ऐकलंस का, पाणी कुठं गेलं यातलं?"

"माठ अर्ध्यावर आला होता, त्यात ओतलं," त्यांची बायको कमलबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "नूरभाऊ देवासारखे धावून आले. इगतपुरीचं आहे ना?"

यात कमलबाईंचं काही चुकलं नव्हतं. उन्हाळ्यात गार्डाच्या डब्यातून उतरलेला कॅन म्हणजे इगतपुरीचं गोडं पाणी, हे त्या क्वार्टरांत शेंबडं पोरही जाणून होतं.

"अगं, समुद्राचं होतं ते!"

"मंग कॅनापाशी बसून राहायचं ना! मी काय चाखून पाहू राहिले?"

"चहा कशाचा टाकलास?"

कमलबाईंनी कपाळावर हात मारला. निर्मला ट्रे घेऊन केव्हाच बाहेरच्या खोलीत गेली होती.

गिरधरराव धावले. "आबा, थांबा, आधी सरबत..."

पण मुलाचे वडील सुपडूआबा यांनी बशी ओठाला लावली होती. एक घोट गेला आणि आबांच्या मिशा जागच्या जागी थांबल्या. त्यांनी मुलाकडं पाहिलं. मुलानं बशीकडं पाहिलं. गिरधररावांनी मनात मोजलं. तिसरं स्थळही गेलं!

"पोरी," आबा म्हणाले, "तू बी घे ना चहा."

निर्मलानं कप उचलला. पहिल्याच घोटाला तिचे डोळे मोठे झाले, पण पाहुण्यांसमोर तोंड वाकडं करायची सोय नव्हती. तिनं अख्खा कप मुकाट्यानं संपवला.

आबांनी बशी खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"नांदुऱ्याकडं आमचा बठ्ठा खारपाण पट्टा. विहिरीले खारं पानी. त्याच्यापायी आमच्या गावाले कोनी पोरगी देत नाही. अन् तुमी चौकशी करून पोरीले आधीपासून सवय लावली! असं घर मले दुसरं भेटलं नसतं."

"तसं नाही आबा, ते आमचे घोडे..." गिरधररावांनी तोंड उघडलं.

"महिना झाला," कमलबाई दारातून ठणकावून म्हणाल्या, "आम्ही सगळे हेच पाणी पिऊ राहिलो."

"मंग होऊन जाऊ द्या अजून एकेक कप!"

बोलणी तिथंच पक्की झाली. लग्नापर्यंत व्याह्यांकडचं दर आठवड्याला कोणी ना कोणी येत राहिलं, आणि नूर महंमद मुंबईहून समुद्राचे दोन कॅन आणू लागला: एक घोड्यांचा, एक व्याह्यांचा.