घरटे योजनेच्या दोन गृहभेटी

गरजू कुटुंब शोधणं हे शासनाचं सर्वांत अवघड काम आहे, कारण अशी कुटुंबं बहुतेक वेळा कामावर गेलेली असतात. ही अडचण ओळखून जिल्ह्यात घरटे आधार योजना निघाली. आईवडील गमावलेल्या मुलाला घरापासून तोडू नये, त्याला सांभाळणाऱ्या नातेवाइकाला दरमहा मदत द्यावी, असा तिचा थोर हेतू. हेतू इतका थोर की फलक आधी लागले आणि अर्ज चार महिन्यांनी छापून आले.

बजाजनगरात एका खोलीत राहणाऱ्या मेघाने पहिल्याच दिवशी अर्ज भरला. ती बावीस वर्षांची, एका कंपनीत पॅकिंगला. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. कामगारांचे डबे करणारी आई, मुक्ताबाई, मार्चमध्ये गेली. मागे राहिली अकरा वर्षांची तनुजा. ही धाकटी बहीण आपल्याजवळ राहावी, एवढंच मेघाला हवं होतं. अर्जात त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून तिने ते 'इतर'मध्ये लिहिलं.

सोबत सतरा कागद जोडायचे होते. त्यांत मृत्यूचे दोन दाखले, शिवाय मृत व्यक्ती अर्जदाराबरोबर राहत नसल्याचं हमीपत्र (दोन साक्षीदारांच्या सह्यांसह). साक्षीदारांनी सह्या करताना मेघाकडे बघितलं नाही.

मग गृहभेट ठरली. क्षेत्र-निरीक्षक पुंडलिक साहेब येणार हे कळताच शेजारच्या सत्यभामाकाकूंनी सूत्रं हाती घेतली.

"अगं, साहेब घरी येतोय, आन् त्याला सतरंजीवर बसवतीस व्हय?"

"काकू, आपण गरीब हाये का, हेच बघायला येतेत ते."

"बघू दे की! गरीब हाये, बेइज्जत नाय."

त्याप्रमाणे गल्लीने एका सकाळीत मेघाचं घर उभं केलं. चार घरांतून सहा खुर्च्या आल्या, एकीकडून बारा कपबश्या, एकीकडून टेबलफॅन. कोपऱ्यावरच्या सर्जेरावांनी नातीच्या लग्नातला गालिचा दिला (चहा सांडायचा नाही, या बोलीवर). पुंडलिक साहेबांनी पोहे खाल्ले, दोनदा चहा घेतला, तनुजाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अहवाल लिहिला: "कुटुंबात सदस्य दोन, खुर्च्या सहा. दरडोई खुर्च्या तीन. जिल्ह्याची सरासरी पाऊण. कुटुंब सधन. मदतीस अपात्र."

(यात त्यांचा काही दोष नाही. स्वतः ज्या खुर्चीवर बसले, तीसुद्धा त्यांनी प्रामाणिकपणे मोजली होती.)

फेरतपासणी मंजूर झाली, हे योजनेचं मोठेपण. या वेळी काकूंनी चूक सुधारली. खुर्च्या तर आणल्याच नाहीत, उलट मेघाच्याच घरातलं जे म्हणून बरं दिसेल ते स्वतःकडे हलवलं. कॉट गेली, मिक्सर गेला, डब्यांची चळत गेली. मग काकूंची नजर भिंतीवरच्या मुक्ताबाईंच्या फोटोवर थांबली.

"फ्रेम भारी दिसती गं. ती बी दे."

मेघाने फोटो काढून दिला. खिळा तेवढा राहिला.

पुंडलिक साहेब सतरंजीवर बसले. पाणी मिळालं, चहा मिळाला नाही. त्यांनी लिहिलं: "घरात कॉट नाही, भांडी नाहीत. दिवंगत मातेचा साधा फोटोही नाही; भावनिक वातावरण क्षीण. आदरातिथ्याचे संस्कार आढळले नाहीत. कुटुंब अतिशय गरजू, सबब बालिकेच्या संगोपनास अपात्र. बालिकेस तातडीने संस्थेत हलवावे."

अशा रीतीने एकच कुटुंब मदत घेण्याइतकं गरीब नाही आणि मूल ठेवण्याइतकं श्रीमंत नाही, हे शास्त्रशुद्ध पद्धतीने सिद्ध झालं. वार्षिक आकडेवारीनुसार बहात्तर टक्के अर्जदार पहिल्या भेटीत सधन निघाले, उरलेले अठ्ठावीस टक्के फारच गरजू. मदतीस पात्र असं कुटुंब जिल्ह्यात आता एकही उरलेलं नाही. योजनेला उत्कृष्ट कामगिरीची ढाल मिळाली.

तनुजा आता दौलताबादच्या रस्त्यावरच्या एका संस्थेत असते. संस्था चांगली आहे. तिथे एका मुलीवर होणारा खर्च मेघाने मागितलेल्या मदतीच्या चौपट आहे (बहिणीने सांभाळलेलं मूल फार स्वस्तात पडतं, त्यामुळे तज्ज्ञांना ते संशयास्पद वाटतं). फाटकावर भेटीच्या वेळा आहेत. नातेवाईक: दुसरा शनिवार, चार ते पाच. देणगीदार: वाढदिवसानिमित्त, कोणत्याही दिवशी.

शनिवारी मेघाची दुसरी पाळी असते. वेळा नीट वाचून ती देणगीदारांच्या खिडकीशी गेली.

"वाढदिवस कुणाचा?" लेखनिकाने विचारलं.

"आईचा. येत्या रविवारी."

"कितवा?"

"पंचेचाळिसावा असता."

"मंग पंचेचाळीसच लिहितो. केक-समोसे तुमचे. आमच्या पोरी टाळ्या लई भारी वाजवत्यात, ताई."

सगळं नियमात बसलं होतं. मात्र त्याच रविवारी तुमच्या मुलाच्या वाढदिवसासाठी तुम्हीही हॉल मागितला, शंभर समोसे, फुगे आणि फोटोग्राफरसह. संस्थेने साहजिकच तुमची नोंद कायम ठेवली आणि मेघाला दुसऱ्या शनिवारची आठवण करून दिली. तेव्हा निःसंकोच या. तुमच्या मुलाच्या मागे, डावीकडून दुसरी, टाळ्या वाजवणारी मुलगी तनुजा आहे. फोटो काढताना तिला हसायला सांगा. ती सांगितलेलं ऐकते.