अंगावर कळू नये असा होल्स्टर

मनुष्याचे प्राण अमूल्य आहेत, आणि म्हणूनच ते वाचवणारी वस्तू काखेत रुतता कामा नये. ओक्लाहोमातल्या आमच्या ब्रॅशर गावच्या चर्च सुरक्षा समितीने हे तत्त्व सहा वर्षांपूर्वी एकमताने मान्य केले. (एकमत व्हायला वेळ लागला नाही. मत देणारे पंधराही जण पिस्तूल घेऊनच बसले होते.) मी या समितीचा चिटणीस आहे, तेव्हा पुढील मजकूर अधिकृत समजावा.

गावची लोकसंख्या अकराशे चाळीस. गेल्या चाळीस वर्षांतला सर्वांत गंभीर गुन्हा म्हणजे हवा भरायच्या पंपाची चोरी. तोही चोराने सोमवारी परत आणून दिला, कारण तो चालत नव्हता. धोका आजवर आलेला नाही, याचाच अर्थ तो अजून यायचा आहे, असे समितीचे गणित आहे आणि ते कुणाला खोडता आलेले नाही.

शस्त्र लपवून बाळगायचे, हा आमचा दंडक. म्हणून रविवारी चर्चच्या पायरीवर आम्ही एकमेकांना हळूच विचारतो, "काय रे, आज कुठलं घेतलंस?" ऑगस्टमध्ये, कुत्रीसुद्धा सावलीत जीभ काढून पडलेली असताना, जाड कोट घालून घामाने निथळणारे पंधरा पुरुष पाहून परक्या माणसाला कसलीही शंका येत नाही, अशी आमची खात्री आहे.

आता वर्लन स्टबलफील्डच्या प्रकरणाकडे वळू. वर्लनने चौतीस वर्षं शाळेची बस चालवली, एकदाही कुणाला खरचटलं नाही. निवृत्त झाल्यावर तो समितीत आला आणि डाव्या काखेत पिस्तूल बाळगू लागला. मागच्या थँक्सगिव्हिंगला त्याची मुलगी लोरीन टल्साहून पाच वर्षांच्या पायपरला घेऊन आली. पोरगी "पॉपॉ!" म्हणत अंगणातून धावत आली, आजोबा खाली वाकले, तिने मिठी मारली आणि तिचं कपाळ पिस्तुलाच्या मुठीवर आपटलं. लिंबाएवढं टेंगूळ आलं. त्यानंतर चार दिवस ती सोफ्याच्या मागे उभी राहून आजोबांना नुसता हात हलवत होती.

"डॅडी, घरात तरी काढून ठेवा ना ते," लोरीन म्हणाली.

"घरातच तर गरज असते, बाळा. घरात माणूस बेसावध असतो."

"ठीक आहे. ईस्टरला आणते तिला. तिने मिठी मारली आणि परत काही टोचलं, तर ती शेवटची खेप समजा. मी गंमत करत नाहीये."

वर्लन समितीपुढे आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "चौतीस वर्षं अख्ख्या गावाची पोरं मला लांबून टाटा करत गेली," तो म्हणाला. "नातीने तरी जवळ यावं की नाही?"

आमची मनं हेलावली. विषय गांभीर्याने घेण्यात आला. नातीला मिठी मारता येईल असा आरामदायी होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अंगावर अडकवायचा पट्टा, निवडण्यासाठी तीन बैठका झाल्या आणि अकरा पर्यायांचा विचार झाला. (पिस्तूल न बाळगणे हा पर्याय विचारात घेतला गेला नाही, कारण तो होल्स्टरचा प्रकार नव्हे.)

पहिला आडवा. यात पिस्तूल काखेत आडवं झोपतं आणि त्याची नळी मागे बघते. चर्चमध्ये वर्लनच्या मागच्या बाकावर एकतीस वर्षं ओलीटा बर्डसाँग बसतात. वय चौऱ्याऐंशी. दर रविवारी दीड तास नळी त्यांच्या छातीकडे रोखलेली राहणार, ही बाब समितीच्या नजरेतून सुटली नाही. समितीने तातडीने योग्य ती कारवाई केली, म्हणजे ओलीटाबाईंना दुसरीकडे बसायची विनंती केली.

"या बाकावर माझ्या नवऱ्याच्या नावाची पाटी आहे," बाई म्हणाल्या. "मी कुठ्ठे जायची नाही. आणि वर्लन, काढून ठेव की मेल्या ते लोढणं! पोरगी हवीय की लोखंड?"

बाई समितीच्या सदस्य नसल्याने त्यांचे म्हणणे इतिवृत्तात घेता आले नाही.

मग उभा आणला. त्याची नळी खाली बघते, त्यामुळे ओलीटाबाई वाचल्या, पण वर्लनची बरगडी काळीनिळी झाली. कातड्याचा एक होता तो करकरायचा. पाद्रीबुवांनी मौन प्रार्थनेला सुरुवात केली की वर्लन श्वास घेई आणि सगळं चर्च डोळे उघडी. नायलॉनच्याने पुरळ उठला. एक लवचिक बंडीसारखा होता, तो बरा वाटला, पण स्तुतिगीताला दोन्ही हात वर केले की कोट उघडे आणि देवाबरोबर इतरांनाही सगळं दिसे. त्यावर वर्लनने फक्त उजवा हात वर करून देवाचा गौरव करावा, असा ठराव आठ विरुद्ध सात मतांनी फेटाळला गेला.

शेवटी खोगिरं शिवणाऱ्या क्लीटस यँडेलने हरणाच्या मऊ कातड्याचा, आतून लोकर लावलेला पट्टा शिवला. सहा आठवडे लागले. क्लीटसने मापं घेतली ती वर्लनला खुर्चीत झोपवून, कारण माणसाचं खरं माप झोपेत कळतं, असं त्याचं म्हणणं आहे. (त्याची बहुतेक गिऱ्हाइकं घोडे आहेत आणि ते उभ्याने झोपतात, पण हा तपशील वेगळा.)

पट्टा विलक्षण निघाला. समितीचा निकष क्रमांक एक असा आहे: ज्याच्या अंगावर आहे त्यालाच जो कळत नाही, तो उत्तम होल्स्टर. वर्लन तिसऱ्या दिवशी तो घालून झोपला. सातव्या दिवशी तो घालून शॉवरखाली उभा राहिला आणि साबण लावेपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही. याची समितीने समाधानपूर्वक नोंद घेतली. प्रमाणपत्र तयार करून ठेवलं, फक्त मिठीची चाचणी बाकी होती.

ईस्टरचा रविवार उजाडला. उपासना झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये जेवण असतं, ज्याने त्याने आपापला पदार्थ आणायचा. लोरीन आली. पिवळा फ्रॉक घातलेली पायपर आईच्या मागे लपली होती. वर्लनला इतकं टेन्शन आलं, की त्याच्या पोटात कळ आली.

येथे या होल्स्टरचा एकमेव दोष नमूद करणे चिटणीस या नात्याने माझे कर्तव्य आहे. त्याचे खालचे बंद कमरेच्या पट्ट्याला अडकवलेले असतात, त्यामुळे संडासात बसायचं तर सगळंच उतरवावं लागतं. पुरुषांच्या संडासापुढे सहा जण उभे होते, म्हणून वर्लन बालवर्गाच्या संडासात गेला. कोट काढला, होल्स्टर काढला, कोकराचं चित्र चिकटवलेल्या बुटक्या खुंटीवर तो टांगला, आपलं काम आटोपलं, कोट चढवला, साबणाने हात धुतले आणि बाहेर आला. दोषाची नोंद इतिवृत्तात पान चारवर आहे.

हॉलमध्ये बसण्याची व्यवस्था शास्त्रशुद्ध होती. सुरक्षा समितीचा सदस्य दाराकडे पाठ करून बसत नाही. त्यामुळे पंधरा पुरुष भिंतीला टेकून एका रांगेत, आणि त्यांच्या बायका दाराकडे पाठ करून समोर. (धोका आलाच तर तो आधी बायकांना लागावा, असा यामागे हेतू नाही. तो केवळ परिणाम आहे.) टेबलावर मसाला भरलेली अंडी होती, डुकराची भाजलेली तंगडी होती, तळलेली भेंडी होती, शेंगांचे चार कॅसरोल होते आणि ओलीटाबाईंचं केळ्याचं पुडिंग होतं. त्यावरून दरवर्षी भांडणं होतात. सगळे दाराकडे बघत जेवत होते, त्यामुळे अंडी संपल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेवढ्यात पायपर उठली. ती टेबलाला वळसा घालून हळूहळू वर्लनपाशी आली आणि एक बोट त्याच्या कोटाला लावून म्हणाली, "टोचेल?"

"नाही गं राणी," वर्लन म्हणाला. "मुळीच नाही टोचणार."

तिने आधी एक हात घातला, मग दुसरा. मग गाल त्याच्या छातीच्या डाव्या बाजूला टेकवला, घट्ट, आणि डोळे मिटले. वर्लन लहान मुलासारखा रडला. लोरीनने रुमाल काढला. क्लीटसही नाक ओढत म्हणाला, "बघा, हरणाचं कातडं!" आम्ही उभे राहून टाळ्या वाजवल्या. इतका आरामदायी होल्स्टर, की मिठी मारणारीला लागत नाही आणि घालणाऱ्याला कळत नाही! मी तिथल्या तिथे प्रमाणपत्रावर सही केली.

मिठीतून सुटल्यावर पायपर आईला म्हणाली, "शू आलीय." आणि शहाण्या मुलीसारखी एकटीच गेली.

ती परत आली तेव्हा दारात उभी राहिली. दोन्ही हातांत पट्टे धरलेले, खाली लोंबणारं ओझं गुडघ्यावर आदळत होतं.

"पॉपॉ," ती म्हणाली, "तुमची पिशवी आत राहिली होती."

समितीचा सराव चांगला आहे. दारात शस्त्र दिसताच चौदा हात चौदा कोटांत गेले. पंधरावा हातही गेला, पण तिथे काही सापडलं नाही.

लोरीन ओरडली नाही. बायकांची पाठ दाराकडे असल्याने तिने आधी आमचे हात पाहिले आणि मग वळून मुलीला. ती उठली, पायपरच्या बोटांतून एकेक पट्टा सोडवला, ते ओझं पुडिंगशेजारी ठेवलं आणि मुलीला कडेवर घेतलं. "डॅडी, येते," एवढंच म्हणाली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. वर्लनचे दोन्ही हात अजून मिठी मारल्यासारखे पुढेच होते. "हात काढ रे आता," असं ओलीटाबाई त्याला तीनदा म्हणाल्या.

समितीची तातडीची बैठक झाली. होल्स्टर सर्व निकषांवर खरा उतरल्याने प्रमाणपत्र कायम ठेवण्यात आले. बालवर्गाच्या संडासातली खुंटी दोन फूट वर बसवावी, असा ठराव एकमताने मंजूर झाला. वर्लन मात्र पुन्हा बैठकीला आला नाही.

तुम्ही हसताय. हसा. पण कोकराच्या खुंटीवर त्याने ते टांगलं आणि नुसता कोट चढवून बाहेर आला, हे मी तुमच्यापासून लपवलं नव्हतं, स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. नंतर भेंडी आली, पुडिंग आलं, मिठी आली, आणि तुमचेही डोळे भरून आले. तेव्हा ते पिस्तूल कुठे होतं हे तुम्ही विसरला असाल, तर समितीचं प्रमाणपत्र तुम्हालाही लागू आहे. नाव कसं लिहायचं तेवढं कळवा.

आणि आठवत असूनही, मिठी छान चाललीय म्हणून गप्प बसला असाल, तर वर्लनची जागा रिकामी आहे.