अश्विनचं हुकमी गाणं

अश्विन टेकाडेला गिटारवर गाणी येत होती, असं म्हणणं जरा जास्त झालं असतं. त्याला एक गाणं येत होतं. पण ते एक गाणं तो असं वाजवायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस अजून पुष्कळ काही वाजवू शकतो, केवळ आपला वेळ जाऊ नये म्हणून थांबला आहे.

दिवसभर तो लकडगंजमधल्या प्लायवूडच्या दुकानात गिऱ्हाइकांना लॅमिनेटचे नमुने दाखवी. संध्याकाळी जरीपटक्यातल्या एका क्लासला जाई. क्लासच्या सरांनी पहिल्याच महिन्यात त्याला ही धून शिकवली. "परदेशातली फार जुनी चीज आहे," एवढीच माहिती दिली. धुनेचं नाव सरांनाही माहीत नव्हतं. तिच्यावर हात बसला, आणि एका मित्राच्या साखरपुड्यात अश्विनने ती वाजवली. लोकांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या, की दुसरं गाणं शिकायची त्याला गरजच वाटेना. क्लास सुटला. गाणं राहिलं.

वाजवण्याची त्याची एक पद्धत होती. सुरुवातीच्या नाजूक स्वरांनाच तो डोळे मिटून घेई, मान किंचित डावीकडे झुकवी, आणि शेवटचा स्वर विरेपर्यंत डोळे उघडत नसे. उघडले, की समोर भारावलेले चेहरे दिसत. ते चेहरे हीच त्याची खरी कमाई होती.

म्हणूनच हर्षा बोंद्रेला बघायला नरखेडकडे निघताना त्याच्या आईने, प्रेमिलाबाईंनी, गिटार गाडीत आधी ठेवली आणि मिठाईचा डबा नंतर.

"गिटार काहून घेते?" वडील, बापूजी, कुरकुरले. "पोरगी पाहाले चाललो का आर्केस्ट्रा घेऊन?"

"असू द्या. पोराच्या अंगातला गुण दिसला पायजे. थोबाडावरून तं समजत नाही," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

हर्षाचे वडील देवाजी बोंद्रे यांची मोसंबीची बाग होती. त्यांच्या बैठकीत पाहुण्यांच्या मानाने फार माणसं जमली होती. देवाजींचे भाऊ, चुलते, शेजारी. गावातलं मोबाइलचं दुकान चालवणारा, मिशीला पीळ देणारा पुतण्या गोलूसुद्धा. दाराच्या आतल्या बाजूला देवाजींच्या पत्नी इंदूबाई आणि इतर बायका. हर्षा पोह्यांच्या प्लेटा घेऊन आली. कृषी पदवी घेऊन ती वडिलांसोबत बाग सांभाळत होती. साडी नवी होती, पण टाचेला वाळलेला चिखल राहून गेला होता. अश्विनला तो चिखल फार आवडला. का आवडला, ते त्याला सांगता आलं नसतं.

पोहे अर्धे झाले तशी प्रेमिलाबाईंनी वेळ साधली. "आमचा अश्विन गिटार वाजवते बरं का. वाजव ना गा, तुझं ते गाणं."

"आता? इथं?" अश्विन म्हणाला. तोवर त्याच्या हाताने पिशवीची चेन उघडलीही होती.

"वाजवा, वाजवा," देवाजी खुर्चीत सरसावून बसले. "आमच्या घरी कोण वाजवते असं?"

अश्विनने तारा जुळवल्या. खोली शांत झाली. त्याने पहिले स्वर छेडले, डोळे मिटले, मान झुकवली. कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चपलांची खसखस झाली. बाहेर एक मोटारसायकल सुरू झाली, मग दुसरी, मग बऱ्याच. गावात गाड्यांची ये-जा असायचीच, असा विचार करून तो तन्मयतेने वाजवत राहिला. शेवटचा स्वर विरला. त्याने हळूच डोळे उघडले.

समोर खुर्च्या होत्या. खुर्च्यांवर कोणी नव्हतं. एक खुर्ची आडवी पडली होती, आणि अर्धवट खाल्लेल्या पोह्यांच्या प्लेटांवर एक माशी फिरत होती. बापूजी आणि प्रेमिलाबाई एवढे दोघंच जागेवर होते, तेही आ वासून.

"काय केलं तू?" बापूजींनी हळू आवाजात विचारलं.

"मी? मी तं वाजवून राहिलो होतो!"

"सगळेच्या सगळे पळाले ना बे!"

आतून इंदूबाई शांतपणे म्हणाल्या, "काही नाही जी, लाईन आली असन. बसा तुमी."

"लाईन?" प्रेमिलाबाईंनी वर पाहिलं. "लाईन तं हायेच. पंखा फिरून राहिला."

"ही घरची. वावरातली येगळी येते, थ्री फेज. कवा येईन, कवा जाईन, भरोसा नाही. अन् जो आधी पोचला त्याची मोटर पाणी उचलते. मागून गेला त्याची नुसती गुरगुरते. आत्ता बहार धरला ना जी, पाणी चुकलं का फूल गळते."

टेकाडे कुटुंबाचा जीव भांड्यात पडला. गाण्याची काही चूक नव्हती, नुसता योगायोग होता. प्रेमिलाबाई तर म्हणाल्या, "पाहा, गाणं सुरू झालं अन् लाईन आली. किती चांगलं झालं!"

पण थोड्या वेळाने मंडळी परत आली ती घामाघूम आणि चिडलेली. देवाजींच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत धूळ होती.

"लाईन कुठं हाये? मोटरच्या पेटीत एक बत्ती नाही पेटली!" ते गोलूवर ओरडले. "कायचे मशीन बसवले तू?"

"काका, मशीन बराबर हाये," गोलू मिशी सोडून म्हणाला. "आली असन अन् गेली असन."

"येवढ्यात?"

"कवा कवा येते तशी."

देवाजींनी मोठा श्वास घेतला, पाहुण्यांकडे पाहिलं आणि शरमले. "माफ करा हो भाऊ. तुमचं पोरगं एवढं मन लावून वाजवत होतं अन् आमी उठून गेलो. बाबू, पुन्हा वाजव. अगदी सुरुवातीपासून."

अश्विन खूश झाला. या वेळी त्याने सुरुवात आणखी हळुवार केली. डोळे मिटले, मान झुकवली. पण कानांनी मात्र काहीतरी गडबड टिपली. खुर्ची पडली. कुणीतरी "आली, आली!" म्हणून ओरडलं. न राहवून त्याने एक डोळा किलकिला केला, आणि त्याला देवाजींची पाठ दिसली. ते दारातून एकाच चपलेनिशी बाहेर पडत होते. बाहेरच्या गल्लीत, जे ऐकायलाही आले नव्हते असे लोकसुद्धा पळत सुटले होते.

आता बापूजी उभेच राहिले. "चाल. उठ. एकदा झालं, समजू शकतो. दोनदा? पोरगा पसंत नाही तं तोंडानं सांगा म्हना!"

"अहो, लाईन..." प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"कायची लाईन वं? दर वेळी हा वाजवते तवाच येते का लाईन? बहाणा हाये सारा. गिटार भर पिशवीत."

अश्विन खुर्चीवर तसाच बसून राहिला. आजवर कुठेही, कोणत्याही मांडवात, एकही माणूस त्याच्या गाण्यातून उठून गेला नव्हता. आपल्या बोटांना झालं काय, तारा उतरल्या का, की इतकी वर्षं लोक नुसते तोंडदेखलं बरं म्हणत होते? हा शेवटचा विचार त्याला फार लागला. तो गिटारकडे असा बघू लागला, जणू ती दुसऱ्या कुणाची आहे.

पाण्याचे ग्लास घेऊन हर्षा आली. तिने बापूजींचा लाल चेहरा पाहिला, मग अश्विनचा पडलेला.

"तुमी ते सुरुवातीचं जरा पुन्हा वाजवता का?" तिने विचारलं. "थोडंसंच. हळू."

"नको," अश्विन म्हणाला. "आता तुम्हीपण जाल."

"मी नाही जात कुठं. वाजवा."

त्याने भीतभीत पहिले स्वर छेडले. शेजारच्या घरात तत्काळ कुणीतरी मोटारसायकलला किक मारली. हर्षाने झटकन पुढे होऊन तारांवर तळहात ठेवला. स्वर थांबले, पण किक मारणारा थांबला नाही. त्याची गाडी दारावरून भुर्रकन निघून गेली. हर्षाने तोंडाला पदर लावला. ती इतकी हसली, की तिला भिंतीला टेकावं लागलं.

"हे लाईनचं गाणं हाये!" ती कशीबशी म्हणाली.

"काय?"

"वावरात लाईन आली का मशीन आमच्या फोनवर घंटी देते. गोलूदादानं साऱ्या गावच्या फोनमधी एकच धून टाकून देली. तेच हे. हुबेहूब!"

"हे परदेशातलं आहे," अश्विन दुखावून म्हणाला. "फार जुनी चीज आहे. आमच्या सरांनी सांगितलं."

"असन ना. पण आमच्या इथं त्याचा अर्थ 'पळा' असा होते."

बापूजी हे ऐकत होते. आधी त्यांना कळलं नाही, मग कळलं, मग ते खुर्चीत बसले आणि पोटावर हात ठेवून हसू लागले. तोवर मंडळी दुसऱ्यांदा हात हलवत परत आली, आणि गोलूला जाब विचारायला गल्लीतले बाकीचे गावकरीही त्यांच्यामागून बैठकीत शिरले. या खेपेला त्यांनी वीज कचेरीत फोन करून कडाक्याचं भांडणही केलं होतं. तिकडचा माणूस "लाईन सोडलीच नाही तं गेली कुठून?" असं विचारत होता. गोलूला तर मंडळींनी जवळजवळ दंडाला धरूनच आणलं होतं. आल्या आल्या त्याने सगळ्यांचे फोन मागून घेतले, एका टोपलीत गोळा केले आणि तपासायला म्हणून अश्विनच्या मागच्या दिवाणावर ठेवले.

हर्षाने सगळं उलगडून सांगितलं. मग देवाजींनी कपाळावर हात मारला.

"म्हंजे आमी या बाबूच्या गिटारीवर पळून राहिलो होतो?"

"फुकटची धून होती काका," गोलू पुटपुटला. "मले काय माहीत, पावणे तेच वाजवतीन!"

सगळे खो-खो हसले. रुसवा निघून गेला. पोहे पुन्हा गरम होऊन आले. देवाजींनी तर घोषणाच केली, "बाबू, आता तिसऱ्यांदा वाजव. पाहू कोण उठते! जो हलला तो बोंद्र्यांच्या घरचा नाही."

मंडळी खुर्च्यांचे हात घट्ट धरून बसली. अश्विनने सुरुवात केली. पण डोळे मिटायचा धीर त्याला होईना. दोनदा मिटून पाहिले होते, दोन्ही वेळा घर रिकामं झालं होतं. तो उघड्या डोळ्यांनी वाजवू लागला, आणि समोर देवाजी पापणी न हलवता त्याच्याकडे रोखून बघत होते. असं कुणाच्या डोळ्यात बघत त्याने कधी वाजवलं नव्हतं. मधल्या वळणावर बोटं अडकली. पुढचं काहीच आठवेना. गाणं थांबलं.

आणि पुन्हा सुरू झालं. पहिल्या स्वरापासून, स्वच्छ, गोड.

"वा!" देवाजी म्हणाले.

अश्विनने आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात स्थिर होते. गाणं वाजतच होतं. त्याच्या पाठीमागून, एकात एक मिसळत, जसं बरेच जण मिळून वाजवत असावेत. त्याला वाटलं, आपल्याला वेड लागतंय.

"आता पाहा कसा रंगला!" एक चुलते मान डोलावत म्हणाले. कुणीही हललं नाही. गोलूने डोळे मिटून घेतले होते.

अश्विनने मागे वळून पाहिलं. टोपलीतले सगळे फोन एकदम उजळले होते आणि थरथरत होते.

"लाईन आली!" तो ओरडला.

खोलीत हास्याचा स्फोट झाला. "आता नाही फसत बाबू आमी!" देवाजी मांडीवर थाप मारत म्हणाले. "वाजव तू, वाजव!"

"अहो, मी नाही वाजवून राहिलो! खरंच आली!" घाबरून तो नागपुरीवर उतरला. पण कुणी ऐकेना. जितका तो हात वर करून दाखवी, तितके ते हसत. फक्त दारातल्या हर्षाने त्याचे रिकामे हात पाहिले. तिने खुंटीवरची मोटारसायकलची चावी ओढली.

"चला," ती त्याला म्हणाली.

"मी?"

"मंग कोण? इथं कोणी उठते का?"

दोघं बाहेर पडली. मागे प्रेमिलाबाई इंदूबाईंच्या कानाशी लागल्या, "पोरं बोलायले गेली वाटते एकांतात." इंदूबाईंनी समाधानाने मान हलवली आणि चहा टाकला. टोपलीतलं गाणं संपलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हर्षा साडी खोचून गाडी चालवत होती. मागे अश्विन गिटार छातीशी धरून बसला होता; ती खाली ठेवायचं त्याला सुचलंच नव्हतं. विहिरीवर पोहोचताच हर्षाने पेटी उघडली आणि बटण दाबलं. मोटर एकदाही न गुरगुरता सुरू झाली, आणि पाइपातून पाण्याचा असा जाड लोट बाहेर पडला, की हर्षाच मागे सरकली.

"आई शप्पथ!" ती म्हणाली. "एवढं पाणी मी कधी पाहिलं नाही."

"का बरं?"

"साऱ्या गावच्या मोटरी बंद हायेत ना. सारे तं आमच्या बैठकीत बसून हायेत."

दोघं पाण्याकडे बघत उभी राहिली. ते खळाळत मोसंबीच्या ओळींत शिरत होतं. काही वेळाने तिने विचारलं, "तुमाले दुसरं कोणतं गाणं येते?"

हा प्रश्न आजवर अनेकांनी विचारला होता, आणि प्रत्येक वेळी अश्विनने फक्त गूढ हसून वेळ मारून नेली होती. आज हसू आलं नाही.

"नाही येत," तो म्हणाला. "एकच येते."

हर्षा खाली वाकून पाण्याच्या वाटेतला पालापाचोळा काढू लागली. त्याला वाटलं, संपलं.

"मंग शिकून घ्या एखादं," ती म्हणाली. "लग्नात हे वाजवलं तं अर्धा मांडव रिकामा होईन."

"कोणाच्या लग्नात?" अश्विनने गोंधळून विचारलं.

हर्षाने त्याच्या हातातली गिटार काढून घेतली, मोसंबीच्या फांदीला अडकवली आणि त्याच्या हातात फावडं दिलं. "आधी त्या कोपऱ्यातल्या झाडांकडं पाणी वळवा," ती म्हणाली, "वाया जाऊन राहिलं."

अश्विन नवे बूट घालून चिखलात उतरला.