अकरा हजार व्होल्टचे आजोबा

आजोबांनी अडतीस वर्षं विजेच्या खांबांवर काढली आणि एकदाही झटका खाल्ला नाही. त्यामुळे सुनेचा कॉम्प्युटर उघडायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "अकरा हजार व्होल्ट हाताळलेत मी. हे खोकं काय चीज आहे!"

सून घरबसल्या इमारतींचे नकाशे काढायची. एका शाळेचा नकाशा संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता आणि तो उघडायला गेलं की कॉम्प्युटर धापा टाकून गप्प बसायचा. मेमरीच्या दोन नव्या पट्ट्या आणून ठेवल्या होत्या, पण बसवणारा कारागीर दोन दिवस येणार नव्हता.

आजोबा तयार होऊन आले. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगात लोकरी स्वेटर, पायाखाली जाड गालिचा. भिंतीतल्या सॉकेटमधून वायर काढलेली असूनही त्यांनी तीनदा टेस्टर लावून पाहिला. मग झाकण काढलं आणि बघतच राहिले.

खांबाच्या टोकावरून दिसावं तसं आत एक गाव वसलं होतं. सरळ गल्ल्या, कडेला पाण्याच्या इवल्या टाक्या, मधोमध पंख्याखाली झाकलेला चौक. एवढ्या तारा कुणी ओढल्या असतील, आणि कुठल्या डोळ्यांनी?

"एकही तार लोंबत नाही गं," ते हळूच म्हणाले.

त्या कौतुकाच्या भरातच घोटाळा झाला. असल्या देखण्या गावात धूळ जायला नको म्हणून त्यांनी पहिली पट्टी स्वेटरच्या बाहीवर चांगली घासून पुसली. चट्! बोटातून बारीक निळी ठिणगी उडाली, पण त्यांना काही जाणवलंही नाही.

पट्टी बसवली, वायर जोडली. कॉम्प्युटर तीनदा टूं टूं करून मुका झाला.

सुनेने कारागिराला फोन लावला. त्याने आधी आजोबांचा पोशाख ऐकून घेतला आणि बराच वेळ नुसतं हसू दाबल्याचा आवाज आला. मग त्याने समजावलं की झटका आजोबांना बसायचा नाही, आजोबांचाच पट्टीला बसतो. लोकर घासून अंगात वीज साठते आणि रबरामुळे ती उतरत नाही. तेव्हा वायर पुन्हा काढा, बूट-स्वेटर उतरवा, गालिचा गुंडाळा, खोक्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मगच पट्टी कडेने धरा.

पहिली पट्टी जळाली होती, ती काढून टाकली. आता एकच उरली होती आणि वेळ तासाभराचा. आजोबा अनवाणी उभे राहिले, पण हात काही पत्र्याकडे जाईना.

"असं करणाऱ्याला मी कामावरून घरी पाठवायचो," ते पुटपुटले.

"बाबा, मीपण धरते," म्हणत सुनेने पत्र्यावर हात ठेवला. डोळे मिटून त्यांनीही ठेवला. काहीच झालं नाही! पट्टी खट्ट करून बसली आणि थोड्याच वेळात पडद्यावर अख्खी शाळा उघडली, खिडक्यांसकट. आजोबांनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाही कळलं नाही.

तेव्हापासून ते खोलीत नुसता चहा घेऊन आले तरी सून मान वर न करता म्हणते, "बाबा, आधी कपाट." मग ते मुकाट्याने लोखंडी कपाटाला हात लावतात.

परवा हात लावला आणि चट्! आयुष्यातला पहिला झटका, तोही कपड्यांच्या कपाटाकडून.

"बसला का?" सुनेने विचारलं.

"छे," आजोबा म्हणाले आणि सांडलेला चहा पुसायला फडकं शोधू लागले.