सुपडूभाऊंचे जाहीर आभार

मी एका मेलेल्या माणसाला सरकारचे आभार मानायला लावले. तेही वीस फूट बाय दहा फूट, धुळ्यापासून जळगावपर्यंत, रस्त्याच्या कडेला.

मी धुळ्यात एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करतो. मूळचा भुसावळकडचा, तेव्हा धुळ्यात येऊन चारच महिने झाले होते. निवडणूक लागली आणि सत्ताधारी उमेदवाराचा माणूस जाहिरात घेऊन आला. मजकूर त्याचाच: ‘रिक्षाचा वाहनकर माफ! सरकार, तुमचे आभार!’ शेजारी हसरा रिक्षावाला हवा होता. चेहरा कुठून आणायचा? आमच्या कॉम्प्युटरवर माझ्या आधीच्या माणसाने ‘हार’ नावाचा एक फोल्डर ठेवला होता. त्यात खाकी शर्टातला, पन्नाशीचा, गळ्यात झेंडूचा हार घातलेला एक माणूस सापडला. मला वाटलं, कुठल्या तरी सत्काराचा फोटो. आपल्याकडे हार काय, उठसूट कुणालाही घालतात. मी हार पुसला. माणूस जरा घुश्शात दिसत होता, म्हणून ओठांची टोकं वर ओढून त्याला हसवलं. दात नीट दिसेनात, ते दुसऱ्याचे आणून बसवले.

त्याच संध्याकाळी विरोधी उमेदवाराचा माणूस, मधुभाऊ, आला. त्याला ‘रिक्षाचा वाहनकर दुप्पट!’ असा बोर्ड हवा होता. तोही मीच केला. दोन्ही बाजूंचं खोटं एकाच दुकानात, एकाच हाताने छापलं जात होतं, आणि मी दोन्हीकडून चहा पीत होतो.

हे खोटं आहे हे मला कळलं ते भिकनआबांमुळे. आबा आमच्या गल्लीच्या टोकाला एकटे राहतात. नोकरीभर वाहनकराच्या खिडकीमागे बसले आणि तिथूनच रिटायर झाले. आबांची एक सवय गावाला माहीत आहे: ते जाहिरातीला कान लावतात. शब्दशः. बोर्डासमोर उभं राहायचं, मजकूर मोठ्याने वाचायचा, मग कान पत्र्याला टेकवून प्रश्न टाकायचा, “दाखला शे का?” पुरावा आहे का, असं. मग उत्तराला लागेल तेवढा वेळ उभं राहायचं. उत्तर येत नाही. मग खिशातला खडू काढून खाली लिहायचं: ‘दाखला नाही.’

‘धुळ्यात प्रथम क्रमांकाचा चहा’ असं लिहिणाऱ्या हॉटेलवाल्याला आबांनी विचारलं होतं, दुसरा क्रमांक कोणाचा? तो म्हणाला, “आबा, तुम्ही चहा प्या ना.” आबा म्हणाले, “दुसऱ्याचा पिऊन मग येतो.” ‘चोवीस तासांत वशीकरण’ करणाऱ्या बाबाच्या दारात ते पंचविसाव्या तासाला जाऊन उभे राहिले. बाबाने त्याच आठवड्यात गाव सोडलं.

विरोधकांच्या ‘दुप्पट’च्या बोर्डाखाली पहिल्याच दिवशी खडू उमटला. मी आबांना गाठलं.

“का हो आबा, दुप्पट नाही झाला?”

“कर जिथला तिथं शे. माफी फक्त विजेवरच्या नव्या रिक्षाले. बठ्ठं, सगळं खोटं शे. दोन्हीकडचं.”

पण ‘माफ’च्या बोर्डाखाली खडू उमटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

आणि त्या बोर्डाचं काहीतरी विचित्र चाललं होतं. रिक्षा स्टॉपसमोरच तो लावला होता. आश्विनातलं ऊन, रस्ता भट्टीसारखा तापलेला, आणि गावात सावली म्हणावी तर त्या बोर्डाचीच. तरी तिच्यात एकही रिक्षा उभी राहत नव्हती. रिक्षावाले समोरच्या उन्हात उभे राहायचे आणि त्याच्याकडे बघत गप्प व्हायचे. एक बाई आली, चप्पल काढली, खांबाशी फूल ठेवून निघून गेली. एका म्हाताऱ्याने तर हात जोडले.

मी धावत मालकांकडे गेलो. “साहेब, जाहिरात काय चाललीय! लोक नमस्कार करतायत!”

मालक खूश झाले आणि त्यांनी मला बाकीचे बोर्ड तपासायला बसने जळगावला पाठवलं. पारोळ्याला उतरलो. तोच माणूस, तेच हसू, आजूबाजूला कोणी नाही. एरंडोलला दुपारी दोन वाजता स्टँडबाहेर आलो. सगळी दुकानं अर्धी ओढलेली, कुत्रंसुद्धा हलत नव्हतं, आणि वरून तो बघत होता. मी डावीकडे सरकलो, तो डावीकडे बघू लागला. मी उजवीकडे गेलो, तो उजवीकडे. वारा नव्हता तरी फ्लेक्सचं पोट श्वास घेतल्यासारखं फुगत होतं, बसत होतं. त्याचे दात मीच बसवले होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी जळगाव न बघताच परत फिरलो आणि मालकांना सांगितलं, “जळगावचे उत्तम आहेत.”

धुळ्याला उतरलो तर मधुभाऊ स्टॉपवर माझीच वाट बघत होता. चेहरा फुललेला.

“काय राव, मेलेल्याकडून आभार मानून घेतले तुम्ही!”

“कोण मेलं?”

“सुपडूभाऊ. भिकनआबांचा सख्खा धाकटा भाऊ. याच स्टॉपवर रिक्षा लावायचा. जाऊन दीड वर्ष झालं. तो हार सत्काराचा नव्हता, येड्या!”

मधुभाऊचा बेत पक्का होता. आबांनी भाऊ म्हणून तक्रारीवर सही करायची, निवडणूक कार्यालयात द्यायची, बोर्ड उतरणार, सत्ताधाऱ्यांची शोभा होणार. “आबाले खोटं खपत नाही. सही देतीलच,” म्हणत तो मला ओढतच बोर्डाकडे घेऊन गेला.

आबा तिथेच होते. कान खांबाला लावलेला, डोळे मिटलेले. आणि या वेळी प्रश्न विचारत नव्हते. नुसते ऐकत होते. मधेच मान हलवत होते, एखाद्याचं म्हणणं पटल्यासारखी.

मधुभाऊने कागद पुढे केला. आबांनी तो हातात घेतला नाही.

“अकरा वरीस मनासंगे बोलना नही,” ते म्हणाले. अकरा वर्षं माझ्याशी बोलला नाही, असं. कोणाला, कळेना. “माझ्या खिडकीवर आला होता. कर भरायला दोन दिवसांची सवलत मागत होता. दुसऱ्याला दिली असती मी. भाऊ म्हणून नाही दिली. रिक्षा जप्त झाली. त्यानंतर माझ्यासमोरून जायचा, पण बघायचा नाही. आता रोज बघतो.”

मधुभाऊने कागद पुन्हा पुढे केला.

“आबा,” मी म्हणालो, “ते हसू... ते मीच...”

“माले माहीत शे. त्याचे पुढचे दोन दात नव्हते.” आबांनी वर पाहिलं. “तरी येतो मी. रोज खडू हातात घेतो आणि म्हणतो, आजचा दिवस राहू दे.”

मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो की आबांनी सही करू नये. आबांच्या दुःखासाठी नव्हे. माझी नोकरी होती त्या कागदावर. हे इथे लिहायला लाज वाटते, म्हणूनच लिहितो.

मग आबांनी मधुभाऊला विचारलं, “तुमच्या दुप्पटचं काय?”

“ते... ते आपण नंतर बघू ना आबा.”

“नंतर नाही.” आबांनी त्याचा कागद बाजूला सारला, स्वतःची वही काढली आणि गुडघ्यावर ठेवून तिथेच तक्रार लिहिली. दोन्ही बोर्डांविरुद्ध. शेवटच्या ओळीपाशी पेन थांबलं. मग ते हळू म्हणाले, “सुपडू भांडखोर व्हता. पन खोटा नव्हता. त्याले कसाले खोटं बोलाले लावू मी?” आणि सही केली.

दोन दिवसांत बोर्ड उतरवायचा हुकूम आला. मालकांनी नोकरीवरून काढलं नाही, फक्त शिडी माझ्या खांद्यावर दिली. “तू चढवलास, तूच उतरव.”

मी दोऱ्या सोडल्या. खाली आबा उभे होते, दोन्ही हात वर करून, झोपलेलं माणूस घ्यायला उभं राहावं तसे. फ्लेक्स सुटला, हळूहळू खाली आला आणि रस्त्यावर पसरला. समोरचे रिक्षावाले उठून उभे राहिले. कोणी हॉर्न वाजवला नाही. आबा वाकले आणि खाकी खांद्याकडून घडी घालू लागले. चेहऱ्यावर घडी येऊ नये म्हणून परत परत उलगडत होते.

मला राहवेना. मी शिडीवरून उतरलो, त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो, हात जोडले आणि बोलत सुटलो. आबा, माझी चूक झाली, मी नवा होतो, हार बघून फसलो, तुमच्या भावनांशी खेळलो, मला मोठ्या मनाने...

आबांनी वर पाहिलंच नाही.

“माफी मंग माग,” ते म्हणाले. “पहिले मना भाऊना कपाळवरतून पाय काढ, गधड्या.”